शुक्रवारचा निवाडा

चित्रपटाच्या छंदाला आपल्या समाजात अजून पुरती प्रतिष्ठा लाभलेली नाही. कादंबऱ्या वाचणाऱ्याला आपण रसिक म्हणतो, नाटकाला नेमाने जाणाऱ्याला दर्दी म्हणतो. परंतु आठवड्याला एक चित्रपट पाहणारा मनुष्य भेटला की त्याला दुसरा उद्योग नसावा, अशी आपली समजूत होते. आम्ही स्वतः या दुसऱ्या वर्गात मोडतो. पाळकीय कामातून सवड काढून गेली पस्तीसएक वर्षे आम्ही चित्रपट पाहत आलो आहोत. एकपडदा चित्रगृहांत पाहिले, दूरदर्शनच्या छोट्या पडद्यावर पाहिले, आता मॉलमधील आलिशान खुर्च्यांवर बसून पाहतो. इतक्या वर्षांच्या पाहण्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. ज्या चित्रपटांचा डांगोरा सर्वांत मोठा, त्यांनी इतक्या वेळा निराशा का करावी? आणि ज्यांनी आम्हांला खरोखर काही दिले, ते चित्रपट पाहण्यासाठी इतक्या वेळा रिकाम्या खुर्च्यांच्या सोबतीने का बसावे लागावे?

'उथळ पाण्याला खळखळाट फार' असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येईल. परंतु म्हणी सोयीच्या असतात तितक्या अचूक असतातच असे नाही. खळखळाट करणारे पाणी कधी खोलही असते. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याची गाणी आधीच गावोगावच्या वरातींत पोहोचलेली होती. गाजावाजा प्रचंड होता. आणि चित्रपट त्या गाजावाजाच्या पलीकडे गेला. नाचत-गात आत शिरलेला प्रेक्षक शेवटच्या दृश्यातील रक्ताळलेली बालपावले पाहून मुका होऊन बाहेर पडला. तेव्हा गाजावाजा हा दोष नव्हे. प्रश्न आहे तो गाजावाज्यालाच मोजमाप मानण्याचा.

हे मोजमाप कसे बदलले, ते पाहण्यासारखे आहे. जुन्या काळी चित्रपटाचे यश आठवड्यांत मोजत असत. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. या हिशेबात एक शहाणपण दडलेले होते. पहिला आठवडा जाहिरातीच्या बळावर भरतो. दहावा आठवडा भरायचा तर पाहून आलेल्या माणसाने शेजाऱ्याला सांगावे लागते आणि त्या शेजाऱ्याने आपल्या मेव्हण्याला. आज यश कोटींत मोजतात, आणि तेही पहिल्या दिवसाच्या, फार तर पहिल्या तीन दिवसांच्या कोटींत. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवारी सकाळी त्याचा निवाडा होऊन जातो. आठवडे प्रेक्षकाचे प्रेम मोजत. पहिल्या दिवसाचा गल्ला केवळ त्याचे कुतूहल मोजतो. चित्रपट पाहण्यापूर्वीच तिकीट काढावे लागते, एवढी साधी गोष्ट या हिशेबात विसरली जाते.

'शोले'चे उदाहरण येथे सर्वांना ठाऊक असलेले, म्हणून उपयोगाचे आहे. रमेश सिप्पी यांचा हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्याचे स्वागत थंडपणे केले आणि सुरुवातीचा प्रतिसादही निर्मात्यांच्या अपेक्षेएवढा नव्हता. मग हळूहळू बोलबाला झाला, संवादांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजू लागल्या, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पारितोषिकांत त्याच्या वाट्याला एकच पारितोषिक आले. ते संकलनाचे होते आणि त्याचे मानकरी होते एम. एस. शिंदे. पहिल्या आठवड्याचाच निवाडा अंतिम मानला असता, तर या देशातील सर्वांत लोकप्रिय चित्रपटाची गणना फसलेल्या चित्रपटांत झाली असती.

'शोले' टिकला तो बंदुकांच्या आवाजावर, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हांला वेगळे वाटते. संध्याकाळी ठाकूरांची विधवा सून वाड्याच्या सज्जात दिवे मालवीत जाते आणि समोरच्या बाजूला बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवीत असतो. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एकेक दिवा विझत जातो आणि त्या अंधारात एक संपूर्ण प्रेमकथा घडून जाते. दंगलखोर चित्रपटात अशी शांत जागा ठेवायला हिंमत लागते. २००७ साली राम गोपाल वर्मा यांनी याच कथेवर 'आग' हा चित्रपट काढला. अमिताभ बच्चन यांना खलनायकाच्या भूमिकेत घेतले, कथा शहरात आणली आणि तिचा भरपूर बोलबाला केला. घटना बहुतेक त्याच होत्या. पण दिवे मालवण्याएवढी उसंत त्या चित्रपटाला कोठेही नव्हती. कॅमेरा तिरपा होऊन धावत होता, पार्श्वसंगीत कानांवर आदळत होते. मूळ चित्रपटातून काय उचलायचे याची यादी निर्मात्यांपाशी होती. काय सोडून द्यावे लागेल याचा विचार मात्र दिसत नव्हता. तो चित्रपट पडला आणि त्याविषयी फारसा शोक कोणी केला नाही.

गाजावाजा आणि मोल यांची अगदी समोरासमोर तुलना करायची झाल्यास २०१८ सालच्या दसरा-दिवाळीकडे वळावे. १२ ऑक्टोबर रोजी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' लागला. चार आठवड्यांच्या आत, ८ नोव्हेंबर रोजी, ऐन दिवाळीत, 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आला. पहिल्यात ओळखीचे म्हणावे असे नाव नव्हते. दुसऱ्यात आमिर खान आणि अमिताभ बच्चन हे दोघे प्रथमच एकत्र आले होते. त्याच्या चित्रीकरणासाठी माल्टा देशात दोन मोठी गलबते बांधण्यात आली होती. 'ठग्स'ने पहिल्याच दिवशी पन्नास कोटींचा टप्पा ओलांडून हिंदी चित्रपटांतील उच्चांक केला. दुसऱ्याच दिवशी आकडा जवळपास निम्म्यावर आला आणि पुढे घसरतच गेला. त्याच महिन्यात आमिर खान यांनी जाहीर समारंभात अपयशाची जबाबदारी आपल्यावर घेतली; हा त्यांचा मोठेपणा म्हटला पाहिजे.

तो चित्रपट का फसला, हे मात्र नीट सांगायला हवे. कारण 'मोठा खर्च वाया गेला' एवढे म्हटल्याने समीक्षा होत नाही. कथा १७९५ सालातील. कंपनी सरकारच्या विरुद्ध लढणारा खुदाबक्ष आणि दोन्ही बाजूंना खेळवणारा फिरंगी मल्लाह ही त्यातील मुख्य पात्रे. फिरंगीचे पात्र मुळात आकर्षक आहे. निष्ठा विकणाऱ्या मनुष्याला एके दिवशी न विकता येणारी निष्ठा भेटते, ही कल्पना कोणत्याही मोठ्या नाटककाराला मोहवील अशी आहे. परंतु हा मनुष्य दर पंधरा-वीस मिनिटांनी बाजू बदलतो. पहिल्या विश्वासघाताने आपण दचकतो, दुसऱ्याला स्मित करतो, तिसऱ्याच्या वेळी घड्याळाकडे पाहतो. विश्वासघाताला वजन येते ते विश्वासामुळे, आणि येथे विश्वास रुजायला सवडच दिलेली नाही. खुदाबक्ष मरतो तेव्हाही प्रेक्षागृहात कोणी हळहळत नाही. एवढा मोठा नट मध्यंतरानंतर परत आल्यावाचून राहणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तो परत येतोही. ज्या कथेत मरणाला किंमत उरत नाही, तिच्यात जगण्यालाही उरत नाही. गलबते खरी होती, समुद्र खरा होता. माणसे तेवढी पुठ्ठ्याची निघाली.

आता 'तुंबाड'कडे पाहू. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देते. कथेची प्रेरणा नारायण धारप यांच्या भयकथेची. आणि दिग्दर्शक हे 'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र. म्हणजे चित्रपट हिंदीत असला तरी त्याची मुळे मराठी मातीत आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेले काम पडद्यावर यायला सहा वर्षे लागली. त्यातील पाऊस पाहिला की त्या सहा वर्षांचा अर्थ कळतो. कोकणात वाढलेल्या मनुष्याला तो पाऊस ओळखीचा वाटतो: भिंतींत शिरणारा, कपड्यांतून न निघणारा, मनालाही बुरशी आणणारा. छायालेखक पंकज कुमार यांनी आभाळाचा उजेड असा धरला आहे की दुपारही तिन्हीसांजेसारखी भासते.

कथा लोभाची. सर्व समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. भुकेने व्याकूळ होऊन तो देवीच्या उदरात कोंडून पडला आहे. विनायक राव हा मनुष्य कणकेची बाहुली घेऊन त्या उदरात उतरतो. हस्तर कणकेवर झडप घालतो तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटीतून गळणाऱ्या मोहरा गोळा करतो आणि दोरावरून वर चढतो. ज्याच्यापाशी सोने आहे तो मूठभर पिठासाठी तडफडतो आहे, आणि ज्याच्या घरी पीठ दळले जाते आहे तो सोन्यासाठी जीव धोक्यात घालतो आहे. दोघेही भुकेले, दोघांपैकी राक्षस कोण, हे चित्रपट आपल्याला सांगत बसत नाही. पुढे विनायक आपल्या लहान पांडुरंगाला हाच धंदा शिकवितो. बाप मुलाला दोर धरायला, उडी मारायला, पळायला शिकवीत असतो आणि त्या शिकवण्यात माया आहे, हीच त्यातील सर्वांत भयंकर गोष्ट. लोभ आपण मुलांना रागाने शिकवीत नाही; कौतुकाने शिकवितो. शेवटी, संपूर्ण लंगोटीच पळवावी ही कल्पना मुलगाच काढतो. बापाचा त्यात अंत होतो. आणि ज्या वस्तूसाठी हे सारे घडले ती वस्तू बाप मुलापुढे धरतो, तेव्हा मुलगा ती नाकारतो. संवाद जवळजवळ नाहीच. व्यासपीठावरून तासभर बोलून जे साधत नाही, ते त्या मुलाच्या मागे सरण्यात साधले आहे. बोलण्याचा व्यवसाय असलेल्या आम्हां मंडळींनी हे मान्य करायला हरकत नसावी.

चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. पुण्यातील मधला भाग सैल आहे. स्त्रियांची पात्रे रेखाटताना हात आखडला आहे. पत्नी जात्यापाशी बसते आणि कथा तिला तेथेच सोडून पुढे जाते. तरीही हे दोष एका जिवंत कलाकृतीचे आहेत. २०१८ साली तो थोडक्या पडद्यांवर लागला, थोडक्यांनी पाहिला आणि उतरला. नंतर घरबसल्या पाहणाऱ्यांनी एकमेकांना सांगितले. आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रगृहांत आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. चित्रपट तोच होता, एक चौकटही बदललेली नव्हती. सहा वर्षांत बदलला तो प्रेक्षक. शुक्रवारचा निवाडा वरच्या न्यायालयात फिरला, असे म्हणावयास हरकत नाही.

अशी अपिले पूर्वीही झाली आहेत. सर्वांत प्रसिद्ध अपील गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल'चे. 'प्यासा'नंतर दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून तो आला आणि साफ कोसळला. कथा एका दिग्दर्शकाची, ज्याचा चित्रपट कोसळतो आणि त्याबरोबर तोही. पडद्यावरील भाकीत पडद्याबाहेर इतक्या तंतोतंत खरे ठरल्याची उदाहरणे विरळ असतील. त्यानंतर गुरुदत्त यांनी कोणत्याही चित्रपटाला दिग्दर्शक म्हणून आपले नाव दिले नाही. १९६४ साली ते गेले. आज जाणकार ज्या प्रकाशझोताची वाखाणणी करतात, तो छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांनी सूर्यप्रकाश परावर्तित करून रिकाम्या स्टुडिओत उतरविला होता. गीता दत्त यांचे गाणे चालू असते. दिग्दर्शक आणि नटी त्या झोताच्या दोन बाजूंना उभे असतात. धुळीचे कण उजेडात तरंगत राहतात. दोन माणसांमधील अंतर प्रकाशाने भरून दाखविता येते, हे तोवर आपल्या पडद्याला ठाऊक नव्हते. मूर्ती यांना पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्यांच्या दृष्टीला त्यांनी आकार दिला ते गुरुदत्त तो पाहायला नव्हते.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उपेक्षा हीसुद्धा एक प्रकारची जाहिरात होऊ शकते. 'लोकांना कळला नाही' असे म्हटले की चित्रपटाला आपोआप एक तेजोवलय प्राप्त होते आणि म्हणणाऱ्यालाही थोडेसे. 'कागज के फूल'मध्ये सासुरवाडीच्या साहेबी थाटाची जी थट्टा आहे ती ओढूनताणून आणलेली आहे, आणि उत्तरार्धात नायकाची स्वतःविषयीची कणव कथेच्या अंगावर जड होते. १९५९ सालचा प्रेक्षक अगदीच अरसिक नव्हता. त्याला जे खटकले त्यात तथ्य होते. त्याने एवढेच केले की दोषांच्या हिशेबात तो प्रकाशझोतही फेकून दिला.

राज कपूर यांच्या 'मेरा नाम जोकर'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सहा वर्षांचे परिश्रम, नामवंत नटांची फौज, चार तासांहून अधिक लांबी, दोन मध्यंतरे. १९७० च्या डिसेंबरात तो आला तेव्हा अपेक्षा गगनाला भिडल्या होत्या. चित्रपट पडला, राज कपूर कर्जात बुडाले आणि १९७३ च्या 'बॉबी'ने त्यांना वर काढले. पुढे काळाच्या ओघात 'जोकर' ही अभिजात कृती असल्याचे सांगण्याची पद्धत पडली. आमचे मत असे, की दोन्ही निवाडे अर्धे आहेत. त्या चित्रपटाचे तीन भाग आहेत आणि ते समान तोलाचे नाहीत. पहिल्या भागात शाळकरी राजू आणि त्याची शिक्षिका मेरी यांची कथा आहे. कोवळ्या वयात मनात उठणारी खळबळ, तिची लाज, तिच्यातील निर्मळपणा आणि तिला न दुखविता सांभाळून घेणारी ती शिक्षिका. आपल्या समाजातील शिक्षिका हिंदी पडद्यावर बहुधा थट्टेचा विषय होत असे. येथे ती पूर्ण माणूस म्हणून उभी राहते, हे आपल्या वाचकांच्या विशेष ध्यानी यावे. ऋषी कपूर यांना त्या भूमिकेसाठी बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते योग्यच होते. हा भाग स्वतंत्र चित्रपट म्हणून आला असता, तर आपल्या देशातील बालपणावरील उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली असती. दुसऱ्या भागात सर्कशीची धमाल आहे. तिसऱ्यात मात्र दुःख दाखविण्याची हौसच दुःखावर मात करते. एकाच कलाकृतीत खरे सोने आणि मुलामा शेजारी शेजारी असू शकतात. आज चित्रपटाला पाचांपैकी इतके तारे देऊन मोकळे होण्याची रीत आहे. तिच्यात अशा कृतीला न्याय मिळायला जागाच नाही.

विनोदी चित्रपटांची उपेक्षा तर आणखी सहज होते, कारण हसवणाऱ्याला आपण गंभीरपणे घेत नाही. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों' १९८३ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या भांडवलावर निघाला. त्याला पदार्पणाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, पण चित्रगृहांत त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. त्याला प्रेक्षक मिळवून दिला तो दूरदर्शनने, मग चित्रफितींनी. महापालिकेचा आयुक्त, बांधकाम ठेकेदार, पुलाचे निकृष्ट काम, पत्रकारितेचा सौदा. विषय वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा, आणि हाताळणी निखळ वेडेपणाची. आयुक्ताचे प्रेत चाकांच्या बुटांवरून मुंबईभर फिरते आणि अखेर महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून रंगमंचावर उभे राहते. त्या प्रेताचे आडनाव डिमेलो आहे. तेव्हा भ्रष्टाचाराच्या या महानाट्यात आपल्या समाजालाही प्रतिनिधित्व देण्यात आले, याबद्दल दिग्दर्शकाचे आभारच मानले पाहिजेत! हसून हसून पुरेवाट होते. आणि मग शेवटच्या मिनिटाला ते दोन प्रामाणिक छायाचित्रकार कैद्यांच्या वेषात मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात आणि आपल्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवितात. हसणाऱ्याच्या घशात हसू अडकते. आपण ज्यांना हसलो त्यांचा बळी आपल्या हसण्याच्या आड दिला गेला, हे ध्यानात येते. २०१२ साली हा चित्रपट पुनरुज्जीवित प्रतीच्या रूपाने चित्रगृहांत परत आला, तेव्हा कोणाला त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

ही उदाहरणे वाचून वाचक म्हणतील, 'मग चिंता कशाची? चांगल्या चित्रपटाला आज ना उद्या न्याय मिळतोच.' या समजुतीशी आमचा मतभेद आहे. ज्यांना न्याय मिळाला त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांना मिळाला नाही त्यांची नावे या लेखात नाहीत, आणि ती नसण्याचे कारणही तेच आहे. शिवाय उशिरा मिळालेल्या न्यायाचा लाभ कृतीला होतो, कर्त्याला क्वचितच. गुरुदत्त यांनी पुन्हा दिग्दर्शनाची खुर्ची घेतली नाही, ही हानी आजच्या कोणत्याही गौरवाने भरून निघत नाही.

मराठी चित्रपटाला तर हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. मराठी बोलपटाला मुंबईसारख्या राजधानीत पडद्यासाठी झगडावे लागणे ही आजची गोष्ट नव्हे. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'च्या वेळी झालेला तंटा जुन्या मंडळींना आठवत असेल. दादांनी आठवडे मोजून त्याचे उत्तर दिले. आजच्या चित्रपटाला ते उत्तर देण्याची संधीच अवघड झाली आहे. लहान चित्रपटाला दिवसातून एखादा खेळ मिळतो. तोही पुष्कळदा अशा वेळी की नोकरदार मनुष्य कचेरीत असतो आणि गृहिणी स्वयंपाकघरात. खुर्च्या रिकाम्या राहतात. रिकाम्या खुर्च्यांचा दाखला देऊन तो खेळही काढून घेतला जातो. आधी जेवण वाढायचे नाही आणि मग 'याला भूकच नाही' म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चेच पाहा. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याने दोन पारितोषिके मिळविली. देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे लागला. मोठ्या सन्मानांनी आलेल्या या चित्रपटाविषयी आम्हांला आमच्या परिचितांतून ऐकू आलेला अभिप्राय मात्र एकच: 'संथ आहे.' होय, संथ आहे; कारण न्यायालय संथ आहे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. कॅमेरा बहुधा एका जागी उभा राहतो आणि खटला तारखांमागून तारखा ओलांडीत जातो. बाह्या नसलेला पोशाख घातला म्हणून एका बाईचे प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात. चित्रपट भुवईसुद्धा उंचावीत नाही. मृत कामगाराची विधवा साक्षीला येते. तिचा नवरा गटारात उतरण्यापूर्वी दगड टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे. झुरळ जिवंत, तर आत हवा आहे. एका माणसाच्या प्राणाचे संरक्षण झुरळावर सोपविलेले होते, हे ती कोणताही आवाज न चढविता सांगते. तिचे रडणे दिग्दर्शकाने दाखविले असते, तर आपण तिच्यासाठी रडून मोकळे झालो असतो. त्याने आपल्याला मोकळे होऊ दिलेले नाही.

त्या चित्रपटातील सरकारी वकीलबाई दुष्ट नाहीत. लोकलने घरी जातात, मुलांना वेळ देतात, स्वयंपाक करतात. त्याच बाई सकाळी उठून एका निरपराध म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवण्यासाठी कायद्याची जुनी कलमे वाचून दाखवितात. न्यायालय सुटीसाठी बंद होते, दिवे एकेक करून मालविले जातात, पडदा काळा होतो. आणि चित्रपट संपला असे वाटत असतानाच न्यायाधीशमहाराज सहलीला गेलेले दिसतात. ज्याला जामीन नाही तो आत आहे आणि ज्याने द्यायचा तो बागेत डुलक्या घेतो आहे. यात आरडाओरड नाही, खलनायक नाही, पार्श्वसंगीताचे इशारे नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी शिट्ट्याही नाहीत. नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. त्यांचा तो थकलेला, न वाकलेला चेहरा ज्यांनी मोठ्या पडद्यावर पाहिला, त्यांच्या स्मरणातून तो जाणार नाही. पण तसा तो किती जणांनी पाहिला?

येथे दोष केवळ निर्मात्यांवर, वितरकांवर आणि जाहिरातदारांवर टाकून भागत नाही. ते व्यापार करतात आणि व्यापार मागणीकडे पाहतो. मागणी आपली आहे. मोठ्या नावाच्या चित्रपटाला आपण पहिल्या दिवशी सहकुटुंब जातो, दुप्पट दराचे तिकीट काढतो, निराश होतो, आठवडाभर शिव्या देतो आणि त्याच नटाच्या पुढल्या चित्रपटाला पुन्हा पहिल्या दिवशी जातो. लहान चित्रपटाविषयी मात्र आपण म्हणतो, 'टीव्हीवर आला की पाहू.' मोठ्याला आपण आगाऊ उधारी देतो आणि लहानाकडून आधी तारण मागतो. मग वर्षअखेरीस 'हल्ली चांगले चित्रपट निघतच नाहीत' असा सूर लावतो. ते निघतात, गुरुवारपर्यंत थांबतात आणि आपण आलो नाही म्हणून निघून जातात.

आजकाल घरोघरी, हातातल्या फोनवरसुद्धा चित्रपट उपलब्ध असतात. 'तुंबाड'ला दुसरा जन्म मिळाला तो काही अंशी या सोयीमुळेच. तेव्हा तिला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु फोनवर चित्रपट पाहताना बोट नेहमी पुढे सरकविण्याच्या खुणेवर असते. 'कोर्ट'मधील शांतता किंवा दिवे मालवणारी राधा यांना त्या बोटापुढे टिकाव धरता येत नाही. अंधारात, अनोळखी माणसांच्या शेजारी, आपल्या इच्छेने वेग वाढविता येत नाही अशा ठिकाणी बसून पाहणे ही एक शिस्त आहे, आणि काही कलाकृती त्या शिस्तीवाचून उलगडत नाहीत.

समीक्षकाचे काम येथे थोडेसे डाकियासारखे आहे. पत्र त्याने लिहिलेले नसते. योग्य पत्त्यावर वेळेत पोहोचविणे एवढेच त्याचे कर्तव्य. तेव्हा वाचकांपाशी आमची एक छोटी विनंती आहे. येत्या काळात एखादा मराठी चित्रपट, ज्याच्या नटांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आपल्या जवळच्या चित्रगृहात दुपारच्या एकाच खेळाला लागलेला दिसला, तर पहिल्या आठवड्यात वेळ काढून जावे. तो आवडेलच, अशी हमी आम्ही देत नाही. लहान असणे हा गुण नव्हे. आवडला तर त्याच संध्याकाळी चार जणांना सांगावे, नाही आवडला तर का नाही आवडला तेही सांगावे. आणि तो मोठ्या नावाचा, मोठ्या आवाजाचा चित्रपट? तो दुसऱ्या आठवड्यात पाहावा. चांगला असेल तर तोवर नक्कीच टिकून राहील.